सटवाईला दिलेला अमेरिकन कागद

लोणावळ्याला बंगल्यांचे लिलाव दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघत. पावसाळाभर बंद असलेल्या बंगल्याचं कुलूप काढलं, की मुंबईकर मालकाला गाद्यांवरची बुरशी दिसे, फुगून न मिटणारी कपाटाची दारं दिसत, आणि या हवेत आपली प्रकृती सुधारते हा त्याचा समज एका दिवसात नाहीसा होई. मग टेबलं, आरसे, हरणांची शिंगं असं सगळं व्हरांड्यात मांडलं जाई. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवत असे. लिलावाला मी हमखास जाई. शिंगांकडे कधी बघितलं नाही. कुणी बोली न लावलेल्या कागदांच्या ढिगापाशी मात्र माझा पाय अडे.

तुंगार्लीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला एक अमेरिकन साहेब राहत असे. धरणांच्या कामावर इंजिनिअर म्हणून आला होता. काम संपलं, बाकीचे गेले, हा राहिला. का राहिला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. फुप्फुसांना इथली हवा मानवते एवढंच म्हणे, आणि ते म्हणताना खोके. त्याच्याकडे पुस्तकं होती, म्हणून मी जात असे. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर खूप उंच एक चौकट होती. आत पिवळसर जाड कागद, त्यावर जुन्या वळणाचा इंग्रजी छापा. आसपासचे इंग्रज चहाला आले की साहेब त्यांना नेमका त्या चौकटीखाली बसवी.

तो कागद त्याच्या पूर्वजांच्या गावचा होता. इंग्लंडच्या राजाने चहावर कर बसवला, तेव्हा राजाचा चहा प्यायचा की नाही हे ठरवायला त्या खेड्याने सभा बोलावली. सभा का बोलावली ते कागदाच्या वरच्या अर्ध्यात, सभेने काय ठरवलं ते खालच्या अर्ध्यात. मी एकदा विचारलं, "मग काय ठरलं?"

"खाली लिहिलं आहे," साहेब म्हणाला.

काच डागाळलेली, चौकट उंच. खुर्चीवर उभं राहून वाचू का, असं विचारलं तर साहेबाने खुर्चीकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं, आणि विषय बदलला. पुढच्याच पावसाळ्यात तो वारला. हवा मानवत असलेली ती फुप्फुसंच त्याला घेऊन गेली.

त्याच्या लिलावात मला पत्र्याची एक ट्रंक मिळाली. तिचं कुलूप मोडलं होतं आणि आत 'नुसते कागद' होते, म्हणून मिळाली. शाळेच्या शिपायाबरोबर ती घरी आणली, तेव्हा माझ्या पत्नीने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "कसर आहे. घरातल्या पातळांना लागली तर ट्रंक अंगणात जाईल आणि तिच्यामागोमाग तुम्ही."

त्या कागदांनी माझी झोप मोडली असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण स्वस्थ बसणं त्यांनी मोडलं हे खरं. दीडशे वर्षांपूर्वीच्या चोपड्या होत्या. कुणी पाद्र्याने राजनिष्ठेवर दिलेलं प्रवचन, कुणी दुसऱ्या पाद्र्याने त्याची काढलेली खोड, कर कसा अन्यायाचा आहे यावर एका वकिलाने भरलेली साठ पानं, दोन पंचांगं. शिवाय पुढे साठसत्तर वर्षांपूर्वी त्यांच्यात जी यादवी झाली, त्या आपसातल्या लढाईच्या काळातले फोटो. हे फोटो जाड पुठ्ठ्यावर जोडीजोडीने चिकटवलेले, दोन्ही एकसारखे. त्यांच्याबरोबर लाकडी दांडीचं एक यंत्र होतं. त्यात पुठ्ठा अडकवून दोन भिंगांतून पाहिलं की फोटोतला माणूस उठून पुढे येई.

आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात हे सगळं बंड अर्ध्या पानात आटोपलं होतं. त्या अर्ध्या पानावरून असं वाटे, की अमेरिकनांनी चहा समुद्रात टाकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतंत्र झाले. इथे मात्र निराळंच दिसत होतं. ही माणसं भांडत होती, अर्ज करत होती, अर्जावर अर्ज करत होती, एकमेकांच्या स्पेलिंगवर घसरत होती. मला वारंवार आमच्या नगरपालिकेची आठवण येई; फरक इतकाच की यांनी शेवटी काहीतरी केलं. बाहेर तेव्हा मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता. चांगली चांगली माणसं मीठ उकळून तुरुंगात जाऊन आली होती, आणि मी वर्गात ते अर्धं पान शिकवत होतो. शाळा तपासायला येणारे साहेब नेमके त्याच धड्याला येत आणि मी तो कसा उरकतो ते पाहत.

त्या चोपड्यांत एक साहेबाच्या गावची निघाली. लिहिणारा गावचा दुकानदार. चहा सोडावा हे त्याला मान्य होतं, पण त्याच्या दुकानात चहाच्या पेट्या आधीच येऊन पडल्या होत्या. तेव्हा देशभक्ती पेट्या संपल्यावर सुरू करावी असं त्याचं म्हणणं. शेवटी तो लिहितो, की आता सभा ठरवील ते खरं. चोपडी तिथे संपते.

मी चौकटीच्या शोधाला लागलो.

चौकट लिलावात घेतली होती आमच्या रावबहादुरांनी. सरकारने त्यांना ही पदवी नुकतीच दिली होती, आणि सनद मावेल अशी चौकट त्यांना बाजारात मिळत नव्हती. मी गेलो तेव्हा राजाविरुद्धच्या त्या कागदाच्या जागी राजाची मोहोर असलेला कागद बसला होता, आणि काच पुसून लख्ख केलेली होती. रावबहादुरांनी मला सनद वाचून दाखवली. मग तिचा अर्थ सांगितला. मग ती देताना गव्हर्नरसाहेब काय म्हणाले ते सांगितलं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा मी विचारलं, "आणि आतला जुना कागद?"

"तो इश्तिहार? तिथेच टाकला. त्या साहेबाचा माळी झाडत होता, त्याच्या केरात गेला असेल."

माळी म्हणजे कुसगावच्या वर डोंगरात पाचसहा घरांची वाडी आहे, तिथला म्हातारा. साहेब गेल्यावर तो दुसऱ्या एका बंगल्यावर लागला होता. सगळे त्याला आबा म्हणत. मी त्याला गाठलं तेव्हा तो गुलाबांना माती लावत होता.

"आबा, साहेबाचा तो चौकटीतला कागद. फेकला का?"

"फेकतुय कशाला?" त्याला रागच आला. "येवडा जाड कागद. मागनं कोरा, पांडरा. वाया न्हाई जाऊ दिला. नातीच्या पाचवीला मांडला."

मी तिथेच गुलाबांच्या कडेला बसलो.

मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पूजा मांडतात, आणि त्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला लिहिता यावं म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. वाडीत कोरा कागद कुठून येणार? कुणाच्या तरी पोराच्या वहीचं उरलेलं पान फाडून आणत. आबाच्या घरात साहेबाचा कागद आला तो नेमका नात जन्मल्याच्या तिसऱ्या दिवशी.

"आजवर सटवाईला आसा कागद कुनी दिला नसंल मास्तर," आबा म्हणाला. "हात सैल सोडून लिवलं आसंल तिनं."

पुढच्या रविवारी मी वाडीवर गेलो. वाट रेल्वेच्या रुळांपासून निघून भातखाचरांच्या बांधावरून जाते आणि मग एकदम चढते. आबाचं घर कुडाचं, समोर सारवलेलं अंगण. आबाची बायको, जिला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागलो, नाचणी पाखडत होती. सून आतल्या अंगाला जात्यावर होती. नात, आता सहा महिन्यांची, उंबऱ्याच्या आत बसली होती, आणि माझ्याकडे बघत मूठ चोखत होती.

कागद चुलीच्या वर आढ्याला टांगलेला होता, फडक्यात. मावशीने काढून दाखवला. कोरी बाजू आत घेऊन त्याची चौघडी घातली होती. घडी अशी पडली होती की छापलेला वरचा अर्धा भाग बाहेर, खालचा अर्धा आत.

"बाहेरनं बघा काय बघायचं ती," मावशी म्हणाली. "उलगडायचा न्हाई. आतली बाजू सटवाईची हाय."

"मावशी, मला छापलेलंच हवंय. कोऱ्या बाजूकडे बघणारसुद्धा नाही."

"उलगडल्याबिगर कसं वो वाचचाल? आन् एक घडी सुटली की दुसरीबी सुटती."

मी अंगणात मांडी घालून बाहेरची बाजू उतरून घेतली. गावच्या सगळ्या घरधन्यांना बोलावणं, राजाविषयी दोन नम्र वाक्यं, चहाविषयी चार कडक वाक्यं. आणि मग, घडीच्या अगदी काठावर: 'पुष्कळ वाद झाल्यानंतर सभेने एकमताने असे ठरविले की.'

तिथे घडी.

मी दुसरा डाव टाकला. शाळेतून उत्तम कागद आणतो, याहून पांढरा, दोन्ही बाजूंनी कोरा. तो ठेवा आणि हा मला द्या.

मावशी हसली ती पाखडायचं थांबूनच हसली. "आन् सटवाई काय तुमची शाळंतली पोर हाय व्हय, पुन्यांदा लिवून काडायला?"

मग तिने मला त्यांच्यातली रीत सांगितली. लेकरू आपल्या पायांनी घराचा उंबरा ओलांडेपर्यंत कागद जपायचा. ओलांडला, की नशीब तिच्या पायाशी आलं. कागदाचं काम संपलं. मग तो वाहत्या पाण्यात सोडायचा.

मी उंबऱ्याकडे पाहिलं. आतून ती पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिने मूठ तोंडातून काढली आणि दुसरी घातली.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वास्थ्य उरलं नाही. पोरगी चालू लागली की कागद ओढ्यात. रविवार आला की मी वाडीची वाट धरी. चढ चढताना मनात एकच विचार, आज चाललेली तर नसेल? अंगणात पोचून ती बसलेली दिसली की हायसं वाटे. मग घामाघूम होऊन मी पाणी मागे, इकडच्या तिकडच्या गोष्टी करी, आणि घडीचा काही मार्ग निघतो का हे मावशीकडून नव्या शब्दांत विचारून घेई. मावशी जुन्याच शब्दांत नाही म्हणे.

रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना, म्हणून मी ते फोटोंचं यंत्र नेऊ लागलो. मावशीने पहिला पुठ्ठा हातात घेऊन पाहिला. त्यावर दाढीवाला एक सेनापती, अर्थातच दोनदा.

"जुळं हाय?"

"एकच आहे. यातून बघा."

तिने भिंगांना डोळे लावले आणि एकदम डोकं मागे घेतलं. "आगं बया! ह्यो तर भाईर आला!" मग सुनेला हाक. "ये गं, बघ. दाडी बग मेल्याची, ऊ पडल्यात का काय त्यात." सून आली, पदराने हात पुसून तिने बराच वेळ पाहिलं. पोरीला मात्र यंत्राशी कर्तव्य नव्हतं. तिला पुठ्ठा हवा होता, चघळायला. सत्तर वर्षं कसरीने जे केलं नाही ते ती एका दुपारी करू शकली असती. मी सेनापतीला उंच धरून बसे आणि ती बसल्या जागेवरून हात पसरून ओरडे. उठत मात्र नसे.

पाऊस आला आणि गेला. त्या पावसात माझ्या ट्रंकेतल्या चोपड्यांना बुरशी आली. तान्ह्या मुलाची लंगोटं वाळवायला शेगडीवर पाटी पालथी घालतात, तशी पाटी घालून माझ्या पत्नीने अमेरिकन पाद्री एकेक करून शेकले. "हे घर बाळंतिणीचं की काय?" असं शेजारीण विचारून गेली.

वाडीत त्याच सुमाराला जन्मलेली दोन पोरं बांधावरून पळू लागली होती. आबाची नात बसूनच होती. उभी केली की तिचे पाय वाकत, आणि ती मटकन खाली बसे. माझ्या मते सगळं ठीक चाललं होतं.

दिवाळीनंतर रावबहादुरांच्या बंगल्यावर एक पाहुणा उतरला, तोही अमेरिकन. त्याने चौकट पाहिली, मयत साहेबाची ओळख सांगितली, आणि आत पूर्वी होता तो कागद कुठे आहे असं विचारलं. असले कागद आमच्याकडे काचेच्या पेटीत ठेवतात आणि लोक टोपी काढून बघतात, असंही म्हणाला. सनदेविषयी त्याने काहीच विचारलं नाही. रावबहादुरांच्या ते मनाला लागलं असावं. त्यांनी बंगल्याबंगल्यांतून चौकशी केली, आणि पुढच्या रविवारी मी अंगणात बसलो असताना ते स्वतः वाडीवर आले. टांगा पायथ्याशी राहिला होता. चढाने त्यांच्या पगडीचा तोल गेला होता. मागून त्यांचा गडी छत्री धरून येत होता आणि छत्रीची सावली रावबहादुर सोडून सगळ्यांवर पडत होती.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"रविवार आहे," मी म्हणालो.

ते आबाकडे वळले. चौकट त्यांनी रीतसर बोली लावून घेतली आहे, चौकटीत होतं तेही त्यात आलं, तेव्हा कागद त्यांचा आहे, आणि आबाने तो न विचारता नेला ही गोष्ट ते मोठ्या मनाने विसरायला तयार आहेत. एवढं सांगून त्यांनी अडाणी समजुतींविषयी थोडं भाषण केलं. ते भाषण मी शाळेच्या बक्षीस समारंभात ऐकलं होतं. तिथे ते अधिक लांब होतं.

आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मावशी आत गेली, फडकं घेऊन आली आणि रावबहादुरांसमोर धरलं.

"घ्या की. आमी कोन न्हाई म्हननार? पर मंग पोरगीबी घ्या."

"म्हणजे?"

"तिचं समदं ह्यात लिवल्यालं हाय. खानं-पिनं, दुखनं-खुपनं, कुटं द्यायची, किती जगायची. कागद ज्येच्या घरात, पोरगी त्येच्या पदरात. उचला."

सुनेने पोरीला कडेवर घेतलं आणि ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. पोरीने रावबहादुरांच्या पगडीकडे हात पसरले.

समजुती अडाणी असतात यावर रावबहादुरांचा विश्वास होता. पण हात त्यांनी पुढे केला नाही. फडक्याकडे पाहिलं, पोरीच्या वाकड्या पायांकडे पाहिलं. "असू दे, असू दे. मी पुन्हा बोलेन," असं काहीतरी म्हणाले. गड्याने छत्री फिरवली. उतरताना ते बरेच लवकर उतरले.

मावशी हसत हसत फडकं टांगायला आत गेली. आबा तंबाखू मळू लागला. मी माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या पळापळीवर खूश होऊन यंत्र पिशवीत भरत होतो, तेव्हा सून अंगणात थांबली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मास्तर, आत्याबाई म्हनल्या पोरगीबी घ्या. त्यांनी चेष्टंनं म्हनलं. माज्या मनात आलं, न्यावी. त्येंच्या घरी डाक्टर येत आसंल. पाय तरी येतील तिला."

मी पिशवी खाली ठेवली.

"तुमी दर आयतवारी येताय कागदासाटी. तुमच्या त्या जुन्या बुकात पायाचं काय आसंल तर बघा की. इतकं ल्हिवल्यालं आसतंय म्हनता."

त्या रात्री मी दोन्ही पंचांगं काढली. थंडी केव्हा पडेल, मटार केव्हा पेरावा, लंगड्या घोड्याच्या खुराला कशाचा लेप लावावा. मुलांविषयी कुठे काही नव्हतं. साठ पानांच्या त्या वकिलानेही मनुष्याच्या जन्मसिद्ध हक्कांत पायांचा उल्लेख केला नव्हता.

दोन दिवसांनी आई, आजी आणि पोरगी यांना मी दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांनी हाडं चाचपली; पावसाळाभर अंधाऱ्या घरात बसून मूल अशक्त झालंय, माशाचं तेल द्या, रोज उन्हात उघडं ठेवा आणि उभं राहायला काहीतरी आधार द्या, असं सांगितलं. माशाचं तेल पोरगी थुंकून टाकी. पुढे ते नाचणीच्या पेजेतून द्यायची युक्ती मावशीने काढली. आधारासाठी मी स्टेशनामागच्या सुताराकडे गेलो आणि पांगुळगाडा करायला सांगितला: तीन चाकं, धरायला आडवी दांडी. त्याच्याकडे आगगाडीच्या डब्यांच्या कामातलं सागवान उरलेलं होतं. गाडा इतका दणकट झाला की तो डोंगरावर नेताना मला दोनदा बसावं लागलं.

निघताना पत्नी दारात उभी होती. "ती चालू नये म्हणून वर्षभर रविवारी जात होतात. आता ती चालावी म्हणून गाडा नेताय. एकदा काय ते ठरवा, म्हणजे मला जेवायला किती वाजता वाढायचं ते कळेल."

माझं काहीच ठरलं नव्हतं. गाडा खांद्यावर होता आणि वाक्य डोक्यात होतं: सभेने एकमताने असे ठरविले की. चढावर प्रत्येक वळणाला मी ते पुरं करी. चहा सोडावा. चहा सोडू नये. दुकानदाराच्या पेट्या संपेपर्यंत थांबावं. एकमताने, म्हणजे दुकानदारसुद्धा. मग पेट्यांचं काय केलं असेल?

गाडा पोरीला पसंत पडायला एक महिना गेला. आधी तिने तो चाटला. मग त्याला धरून उभी राहिली, मग चाकं आपोआप पुढे गेली आणि ती फरफटत मागून गेली, मग एके दिवशी पाय आणि चाकं यांचं जुळलं. उन्हाळ्यापर्यंत घरभर गाड्याचा खडखडाट. मावशी म्हणे, "इंजान आलंया आमच्यात." पण घरात उंबऱ्यापर्यंतच. उंबऱ्याला चाकं अडत, आणि ती तिथून परत फिरे. मीही मनात म्हणे, सागवान चांगलं, पण उंबरा त्याहून चांगला.

चैत्रातला एक रविवार. मी नेहमीसारखा अंगणात बसलो होतो. आबा कुंपणाला काट्या लावत होता, बायका आत. पिशवीतून मी पुठ्ठे काढून उन्हाला मांडत होतो, कारण त्यांनाही दमट वास येऊ लागला होता. गाडा खडखडत आला आणि उंबऱ्यावर थडकला. पोरीने सेनापतीला पाहिलं.

"आं," ती म्हणाली.

"हा हवा?" मी पुठ्ठा उचलून दाखवला. वर्षभराची आमची ती थट्टाच झाली होती. "ये, घे."

तिने गाडा सोडला. दाराच्या चौकटीला एक हात लावला, एक पाय उंबऱ्यावर ठेवला, तो तिथे थोडा थरथरला, मग पलीकडे आला. दुसरा आला. हात सुटला. अंगणात तिने चार पावलं टाकली, आणि सेनापतीच्या दोन्ही दाढ्या धरून माझ्या मांडीवर आदळली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आबा कोयता टाकून धावत आला, तेव्हा काहीतरी वाईट झालंय असं त्याला वाटलं असावं. सून दारात आली, तिने रिकामा गाडा पाहिला, पोरगी पाहिली, आणि तिथेच उंबऱ्याच्या आत खाली बसली. मावशी तिच्यावरून पाय टाकून बाहेर आली आणि तिने माझ्यावरून आणि पोरीवरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. पुठ्ठ्याचा एक कोपरा तेवढ्यात चावून झाला होता.

कागद आठवला तो त्यानंतर.

"मास्तर, आजच सोडू," मावशी म्हणाली. "तुमी हाईत. तुमचाच मान."

खालच्या ओढ्याला अजून पाणी होतं. आम्ही निघालो: पुढे आबा, मग पोरीला कडेवर घेतलेली सून, हळदकुंकवाची वाटी घेऊन मावशी, मागे मी. ओढ्याच्या अलीकडे मोठे धोंडे आहेत. ते उतरताना मावशीला दोन्ही हात हवे होते. तिने वाटी आबाकडे दिली आणि फडक्यातला कागद काढून माझ्या हातात दिला.

चुलीच्या धुराने तो पिंगट आणि कडक झाला होता. घडी सैल झाली होती. माझा अंगठा तिच्या काठावर होता. किंचित उचलला असता तर खालच्या अर्ध्याची पहिली ओळ दिसली असती. सगळे पुढे होते. सून धोंड्यांवरून पाय जपून टाकत होती, पोरीला सावरत होती, आणि माझ्या हातांकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित अंगठा उचलला असता.

पाण्याशी पोचल्यावर मी कागद सुनेच्या हातात दिला. मावशीने त्याला कुंकू लावलं.

"आता सोडला की पाट फिरवायची," तिने सगळ्यांना, पण मुख्यतः मला, बजावलं. "मागं बगायचं न्हाई. पान्यात उलगडतुय त्यो. ज्येचं त्येला वाचू द्यायचं."

सुनेने वाकून कागद पाण्यावर ठेवला. आम्ही पाठी फिरवल्या. मागे पाण्याचा आवाज होता तसाच होता. भिजल्यावर जाड कागदातून छापा आरपार दिसतो, उलटा, पण दिसतो, हे मला माहीत होतं. तो आता उलगडत असेल, धोंड्याला अडला असेल, चार हातांवर असेल.

लगेच निघालो असतो तर सोपं होतं. पण पोरीने कडेवर राहायला नकार दिला. खाली उतरवल्याबरोबर तिने आईचं बोट झिडकारलं आणि ती आपल्या पायांनी निघाली. वाट अरुंद, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. तिच्या पुढे जायला जागा नव्हती. एक पाऊल, मग थांबणं, मग बसणं, मग खाली हात टेकून उठणं. चार मोठी माणसं तिच्या मागे ओळीने, ओढ्याकडे पाठ करून उभी.

मी या पायावरून त्या पायावर होत होतो. माझी मान आपोआप उजवीकडे वळू लागली.

"मास्तर," मावशी न बघताच म्हणाली, "चुळबुळ करू नगासा. पोरगी चालतीया."